आधी यादी, मग कागद: मोजक्या पैशांतली लग्नपत्रिका आणि समारंभ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्न साडेचार महिन्यांवर आलं आहे, दोन्ही घरं धरून दोनशेच्या आसपास पाहुणे होतील, आणि पैसे मोजके आहेत, तेही तुम्ही दोघांनी स्वतः साठवलेले. पत्रिका छापायच्या की फोनवरूनच पाठवायच्या? आणि समारंभात हात कुठे आखडता घ्यायचा, म्हणजे आलेल्या माणसाला उणीव जाणवणार नाही?

मी बरीच वर्षं छपाईच्या कामात होते, नंतर लग्नसमारंभांच्या आखणीत आले. जवळजवळ प्रत्येक जोडपं माझ्याकडे पत्रिकेचा नमुना घेऊन येई. रंग ठरलेला, कागद ठरलेला, सोनेरी अक्षरंसुद्धा ठरलेली. ‘किती छापायच्या?’ या प्रश्नावर मात्र दोघं एकमेकांकडे बघत. म्हणून तुमच्या दोन्ही प्रश्नांच्या आधी यादीबद्दल बोलते. पत्रिका घरांवर मोजतात आणि समारंभाचा खर्च डोक्यांवर. हे दोन आकडे वेगवेगळे लिहून काढल्याशिवाय कुठलीही काटकसर जागेवर बसत नाही.

दोनशे माणसं म्हणजे दोनशे पत्रिका नव्हेत. एका घरात एक पत्रिका जाते, त्यामुळे दोनशे पाहुण्यांना साधारण ऐंशी-नव्वद पुरतात. दोनशेच्या दोनशे छापून अर्धा गठ्ठा माळ्यावर टाकलेली घरं मी पाहिली आहेत. तेव्हा आज रात्रीच एक तक्ता उघडा. प्रत्येक ओळीत एक घर घ्या आणि पुढे रकाने करा: त्या घरातल्या बोलावलेल्या माणसांची नावं, संख्या, पत्ता, फोन, आमंत्रण कसं पोचवायचं, उत्तर आलं का, किती जण येणार, खाण्यापिण्याचं काही पथ्य आहे का. हा तक्ता लग्नानंतरच्या आभारापर्यंत पुरतो. दोन्ही घरांनी एकच तक्ता वापरायचा. दोन वह्या झाल्या की एकच माणूस दोन्हीकडे सापडतो किंवा दोन्हीकडून सुटतो, आणि सुटलेला माणूस ते आयुष्यभर विसरत नाही.

आता खर्चाकडे या. लग्नाचा खर्च तीन तऱ्हेने वाढतो. काही खर्च ठरीव असतात: जागेचं भाडं, छायाचित्रकार, ध्वनियंत्रणा. पाहुणे दीडशे असोत वा दोनशे, ते बदलत नाहीत. काही थेट डोक्यावर चढतात: जेवण, खुर्ची, भेटवस्तू. तिसरी तऱ्हा लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे टेबलामागे वाढणारा खर्च. दहा माणसांमागे एक टेबल, एक कापड, एक फुलांची मांडणी, एक क्रमांकाची पाटी आणि वाढणाऱ्या माणसाचा काही वेळ. तुमच्या यादीतून वीस जण कमी झाले तर डोक्यावरचा खर्च दहा टक्क्यांनी उतरतो आणि दोन टेबलांचा सगळा सरंजामही जातो. पत्रिकेवरची सोनेरी अक्षरं काढून जे वाचेल ते यापुढे किरकोळ आहे. पैसे कमी असतील तर यादीवर दोन संध्याकाळी घाला आणि पत्रिकेच्या रंगावर अर्धा तास.

यादी आखूड करणं जड जातं, हे मला माहीत आहे. त्यावर मला एकच उपाय टिकलेला दिसला आहे: माणसं वगळू नका, नियम ठरवा, आणि तो दोन्ही घरांना सारखाच लावा. उदाहरणार्थ, गेल्या दोन वर्षांत ज्यांच्याशी आपण दोघांपैकी एकजण तरी प्रत्यक्ष बोललेलो नाही त्यांना लग्नानंतर वेगळं भेटायचं. किंवा कामावरच्या लोकांपैकी फक्त रोज सोबत बसणाऱ्यांना बोलवायचं. नियम असला की ‘त्यांना बोलावलंत, आम्हाला नाही’ याला सरळ उत्तर देता येतं. एका बाजूला सूट दिलीत तर मात्र दुसरी बाजू तेवढीच सूट मागणार, आणि तो तिचा हक्कच आहे.

पत्रिकेवरचा एक शब्दही खर्च ठरवतो. ‘सहकुटुंब’ लिहिलंत की दाराची कडी तुम्हीच काढलीत. त्या घरातून दोघं येतील की सात, हे मग तुमच्या हातात राहत नाही. मोकळेपणाने बोलवायची ऐपत असेल तर जरूर लिहा, शब्द सुंदर आहे. नसेल तर पाकिटावर नावं लिहा, जेवढ्यांना बोलावलं आहे तेवढी. वाचणाऱ्याला त्यात वावगं वाटत नाही, उलट आपलं नाव हाताने लिहिलेलं पाहून बरंच वाटतं.

आता छापायची की पाठवायची. दोन्ही करा, पण प्रत्येकाला त्याचं काम नेमून द्या. छापलेली पत्रिका मानाने बोलावण्यासाठी आणि जपून ठेवण्यासाठी. फोनवरचा निरोप माहितीसाठी: नकाशा, वाहन कुठे लावायचं, राहण्याची सोय, वेळेतला बदल, उत्तराचा दुवा. ही माहिती बदलू शकते, आणि छापलेलं बदलता येत नाही. वडीलधारे, फोन फारसा न वापरणारे आणि ज्यांच्या हातात पत्रिका द्यावीशी तुम्हाला मनापासून वाटते त्यांच्यासाठी छापा, बाकीच्यांना नीट रचलेलं आमंत्रण फोनवर पाठवा. मात्र फोनवरचं आमंत्रण गटात टाकू नका. एकेकाला नावाने पाठवा, सोबत स्वतःच्या शब्दांत दोन ओळी. गटात टाकलेल्या आमंत्रणाला फार थोडे उत्तर देतात, कारण ते आपल्याला उद्देशून आहे असं कोणालाच वाटत नाही.

छपाईचं गणित थोडं सविस्तर सांगते, कारण इथे अजाणतेपणी पैसे जातात. ऑफसेट छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळी प्लेट, म्हणजे मजकूर उमटवलेला पत्रा, लागते. चौरंगी काम म्हणजे चार प्लेटा, आणि रंग जुळेपर्यंत सुरुवातीचे कितीतरी कागद वाया जातात. हा खर्च हजारो प्रतींवर पसरला तर परवडतो. डिजिटल छपाईत प्लेट नसते, पहिली प्रत आणि शंभरावी प्रत जवळजवळ सारख्याच पैशांत पडतात. सगळ्या घरांसाठी छापल्यात तरी तुमच्या पत्रिका नव्वदच होतात, तेव्हा डिजिटलच घ्या. मोठ्या प्रमाणावर छापलं की स्वस्त पडतं हे खरं आहे, पण ते ऑफसेटबद्दल आणि हजारांच्या भाषेत.

त्याहून महत्त्वाचा आहे आकार. डिजिटल छपाईचा नेहमीचा मोठा ताव ‘एसआरए३’, म्हणजे ३२० बाय ४५० मिलिमीटर. कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून रंग प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर जास्तीचा छापतात, त्याला ब्लीड म्हणतात. आता ‘ए६’ पत्रिका (१०५ बाय १४८) ब्लीडसकट १११ बाय १५४ होते आणि एका तावावर आठ बसतात. ‘ए५’ पत्रिका (१४८ बाय २१०) चारच बसतात. म्हणजे आकार एक पायरी खाली आणलात की कागद आणि छपाई निम्मी. नव्वद ‘ए६’ पत्रिका म्हणजे फक्त बारा ताव! हे ऐकल्यावर बहुतेक जोडपी थोडा वेळ गप्प बसतात आणि मग मोठ्या पत्रिकेचा हट्ट आपणच सोडतात.

चौकोनी पत्रिकेचंही असंच. १४८ मिलिमीटरचा चौरस एका तावावर चारच बसतो, कारण लांबीत तिसऱ्यासाठी अगदी थोडी जागा कमी पडते. तोच १४० चा केलात तर सहा बसतात. आठ मिलिमीटरचा फरक हातात घेतल्यावर कोणालाही कळत नाही. म्हणून रचना पक्की करण्याआधी छापणाऱ्याला विचारा: ‘तुमच्या तावाचा आकार काय, आणि त्यावर ही किती बसते?’ रचना झाल्यानंतर विचारलंत तर उत्तर मिळेल, उपयोग होणार नाही.

हे आकार आले कुठून तेही सांगते, म्हणजे पाकिटाचं कोडं सुटेल. १९२२ साली जर्मनीत हे प्रमाण ठरलं आणि १९७५ मध्ये ते आंतरराष्ट्रीय झालं. लांबी-रुंदीचं गुणोत्तर असं निवडलं आहे की कागद अर्ध्यात दुमडला तरी ते गुणोत्तर तसंच राहतं. ‘ए५’ दुमडलात की ‘ए६’ होतो. या मालिकेला जोडून पाकिटांची ‘सी’ मालिका आहे: ‘सी६’ पाकीट ११४ बाय १६२, त्यात ‘ए६’ पत्रिका अचूक बसते. या मापाची पाकिटं तयार मिळतात. मनाचा आकार घेतलात तर पाकीट मुद्दाम बनवून घ्यावं लागतं, आणि ते कित्येकदा आतल्या पत्रिकेहून महाग पडतं. चौकोनी पाकीट यंत्रावर नीट वर्गीकृत होत नाही म्हणून काही देशांत त्याला टपाल जास्त लागतं, हेही लक्षात असू द्या.

टपालाने पाठवणार असाल तर वजन आधी काढा. बऱ्याच टपाल खात्यांत दराची पहिली पायरी २० ग्रॅमपर्यंत असते. ३०० जीएसएमची (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ‘ए६’ पत्रिका साधारण पावणेपाच ग्रॅम भरते, ‘सी६’ पाकीट पाच-साडेपाच ग्रॅम. दोन्ही मिळून दहाच्या आसपास. तेच ‘ए५’ मापाची दोन जाड कार्डं आणि मोठं पाकीट घेतलंत तर तीसच्या जवळ जाता, म्हणजे प्रत्येक पाकिटामागे वरचा दर. छापण्याआधी त्याच कागदाचे कोरे तुकडे पाकिटात भरून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघा.

घरातल्या प्रिंटरचा कागद बहुधा ७० ते ८० जीएसएमचा असतो. सपाट पत्रिकेला ३०० पुरेसा भारदस्त वाटतो, घडीच्या पत्रिकेला २०० ते २५०. घडी घालायची असेल तर आधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाब देऊन खाच, करून घ्या. घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने यायला हवी. आडवी आली की कडेवरचा रंग तडकतो, आणि गडद रंगावर ती पांढरी रेघ फार वाईट दिसते.

सोनेरी फॉइल (चकाकणारा पातळ वर्ख), उठावाची अक्षरं, नक्षीदार कापणी या सगळ्यांसाठी बहुधा धातूचा ठसा किंवा डाय (कापणीचा साचा) बनवावा लागतो. पन्नास प्रती असोत की पाचशे, त्याचा खर्च तोच. नव्वद पत्रिकांवर तो फार जड बसतो. हौस असेलच तर एकच करा, तेही फक्त तुमच्या दोघांच्या नावांवर, आणि ठसा लहान ठेवा, कारण त्याचे पैसे बहुधा आकारमानावर असतात. माझं मत विचाराल तर चांगला पोताचा, किंचित मळकट पांढरा कागद, एकाच गडद रंगातली अक्षरं आणि चारही बाजूंना भरपूर मोकळी जागा. मोकळी जागा फुकट मिळते, आणि तिच्याइतकं श्रीमंत दुसरं काही दिसत नाही.

रंगाबद्दल दोन गोष्टी. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो आणि कागदावरचा शाईचा. मोरपंखी, भडक गुलाबी, चमकता जांभळा हे कागदावर मंद होतात. त्यामुळे खऱ्या कागदावर एक प्रत छापून पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. दुसरं, बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत छापायला सांगा. चार शायांचं मिश्रण करून काढलेला काळा रंग जरासा सरकला तरी अक्षरांना रंगीत सावली येते.

देवनागरी मजकूर असेल तर इथे थांबून नीट लक्ष द्या. जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांवर सारखीच चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉण्टमधला मजकूर दुसऱ्या फॉण्टमध्ये गेला की अगम्य चिन्हं उमटतात, मग छापणारा तो पुन्हा टंकतो आणि चुका शिरतात. मजकूर युनिकोडमध्येच लिहून द्या. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइन या रचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कम्पोझर’ ही सोय सुरू नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. ‘येणाऱ्या’ मधला अर्धा र, ‘द्ध’, ‘ह्य’, ‘श्र’ हे खास तपासा. फॉण्ट विकत घ्यायची गरज नाही. ‘मुक्त’, ‘बालू’, ‘तिरो देवनागरी मराठी’ हे फॉण्ट मुक्त परवान्याचे, म्हणजे मोफत वापरता येणारे, आहेत, आणि शेवटच्यात मराठी वळणाचे ल आणि श आहेत, जे पत्रिकेवर फार देखणे दिसतात. रचना पूर्ण झाल्यावर अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून पीडीएफ घ्या, म्हणजे छापणाऱ्याकडे तो फॉण्ट नसला तरी बिघडत नाही. आणि अक्षर फार बारीक नको. ज्यांच्यासाठी मुख्यतः छापताय त्यांच्या डोळ्यांना चष्मा आहे.

प्रूफ तपासणं हे माझ्या मते सगळ्या कामातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम. एका लग्नाच्या पत्रिकेत तारीख बरोबर होती आणि वार चुकीचा. अकरा जणांनी मजकूर वाचला होता, त्यांत मीही होते. सगळ्यांनी नावं पाहिली, कोणीही दिनदर्शिका उघडली नाही. सगळ्या पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. तेव्हापासून मी क्रम सोडत नाही: दिनदर्शिकेत तारीख-वार जुळवा, छापलेला फोन नंबर खरोखर लावून बघा, पत्ता नकाशात टाकून बघा, सकाळ-संध्याकाळ लिहिली आहे का बघा. मग लग्नाशी संबंध नसलेल्या एका माणसाला द्या आणि विचारा, ‘कोणाचं लग्न, कधी, कुठे, आणि उत्तर कोणाला द्यायचं?’ तो अडखळला तर मजकूर बदला. शेवटी एकदा मोठ्याने, शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचा. ओळखीच्या नावातली चूक डोळा सहज ओलांडून जातो, जिभेला ती अडते.

पत्रिकेवर क्यूआर कोड घालणार असाल तर तो किमान दोन सेंटिमीटर ठेवा आणि भोवती कोरी जागा सोडा. नियमानुसार त्यातल्या चार लहान चौकोनांच्या रुंदीइतकी हवी. दुवा जितका लांब तितके चौकोन बारीक होतात, म्हणून छोटा दुवा घ्या. गडद कोड फिकट कागदावरच छापा, सोनेरी फॉइलमध्ये मुळीच नको, चकाकीमुळे फोन वाचू शकत नाही. आणखी एक सापळा असा की काही संकेतस्थळं ‘डायनॅमिक’ कोड देतात. तो आधी त्यांच्या पत्त्यावर जातो आणि मग तुमच्या पानावर. मोफत मुदत संपली की छापलेला कोड निकामी होतो. थेट तुमच्या पानाचा पत्ता असलेला साधा कोड बनवा, त्याची मुदत संपत नाही.

आता उत्तर मागवण्याकडे येते. माझ्या मते पत्रिकेचं खरं काम हेच. पाहुण्यांचा खरा आकडा आणून देणारी पत्रिका तिच्या खर्चाच्या कितीतरी पट वाचवते. एका समारंभात उत्तराची तारीखच छापली नव्हती. विचारणं बरं दिसत नाही, असं घरच्यांना वाटलं. जेवण अडीचशेचं सांगितलं होतं, आले एकशे सत्तर. ऐंशी जणांच्या जेवणाचे पैसे भरलेले, आणि रिकाम्या टेबलांकडे बघत नवरीच्या आईने डोळे पुसलेले मला आठवतात. म्हणून स्पष्ट लिहा: ‘आपण किती जण येणार ते अमुक तारखेपर्यंत कळवावं, म्हणजे आम्हाला नीट सोय करता येईल.’ त्यात उद्धटपणा काही नाही. खाली एकच नाव आणि एकच नंबर द्या. दोन नंबर दिलेत की दोन याद्या होतात.

तारखा उलट्या मोजत या. जेवणवाल्याला पक्का आकडा कधी हवा ते विचारा. बरेच जण आठ-दहा दिवस आधी मागतात. त्याच्या दोन आठवडे आधी उत्तराची शेवटची तारीख ठेवा, कारण त्या तारखेपर्यंत सगळे उत्तर देत नाहीत आणि उरलेल्यांना फोन करायला तुम्हाला दहा-बारा दिवस लागतात. पत्रिका लोकांच्या हातात लग्नाच्या सहा ते आठ आठवडे आधी पडाव्यात. त्याआधी पाकिटांवर नावं लिहायला एक आठवडा, छपाईला दोन, रचना आणि प्रूफ यांना तीन. तुमच्याकडे एकोणीस आठवडे आहेत, म्हणजे यादी पक्की करायला पाचेक आठवडे मोकळे मिळतात. बाहेरगावच्यांना मात्र तारीख आणि गाव आत्ताच फोनवरून कळवा. प्रवासाचं आरक्षण लवकर केलेलं त्यांनाही स्वस्त पडतं.

छापताना दहा टक्के जादा घ्या, पाकिटं पंधरा टक्के जादा. नावं लिहिताना पाकिटं बिघडतात, पत्रिका सहसा बिघडत नाहीत.

लग्नाच्या दिवशीचा कागद कमी करा. प्रत्येक ताटापाशी पदार्थांचं कार्ड नको, टेबलामागे एक पुरे, किंवा दाराशी एक मोठा फलक. बसण्याची मांडणी असेल तर नावांचा एकच फलक, आणि नावं टेबलांप्रमाणे न लावता अक्षरक्रमाने लावा, म्हणजे माणसाला आपलं नाव पटकन सापडतं आणि दाराशी गर्दी होत नाही. टेबलांचे क्रमांक आणि आभाराची कार्डं पत्रिकेबरोबर एकाच वेळी, त्याच कागदावर छापून घ्या. त्याच कामात आणखी काही ताव वाढले तर फारसा फरक पडत नाही, वेगळं काढलंत तर पुन्हा पहिल्यापासून खर्च. आभाराच्या कार्डावर तारीख आणि नावं एवढंच छापा, उरलेला मजकूर हाताने लिहायचा आहे.

समारंभात हात कुठे आखडायचा, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे मी पाहुण्याच्या जागी बसून बघते. पाहुण्याला काय आठवतं? बसायला जागा मिळाली का, जेवण गरम आणि पुरेसं होतं का, फार ताटकळलो का, बोललेलं ऐकू आलं का, स्वच्छतागृह स्वच्छ होतं का, म्हाताऱ्या माणसांना चढ-उतार करावा लागला का. आणि तुम्ही दोघं त्याच्याशी दोन शब्द बोललात का. यांतल्या कशालाही कात्री लावू नका. माणसं चाळीस आणि खुर्च्या तीस, ही काटकसर लगेच दिसते.

कात्री लावा ती संख्येला. पंधरा पदार्थांऐवजी सहा उत्तम पदार्थ ठेवा. स्वयंपाक सोपा होतो, वाया कमी जातं आणि रांग पुढे सरकते. एका कार्यक्रमात भागत असेल तर दोन करू नका, कारण प्रत्येक वेगळ्या कार्यक्रमाला जागा, सजावट, जेवण, कपडे सगळं पुन्हा लागतं. सजावट सगळ्या सभागृहभर पातळ पसरवू नका. जिथे तुम्ही उभे राहाल आणि छायाचित्रं निघतील ती एक जागा भरगच्च करा, बाकी ठिकाणी चांगला उजेड पुरतो. हंगामातली फुलं घ्या. भेटवस्तू देण्याची तुम्हाला मनापासून इच्छा नसेल तर सोडून द्या, कितीतरी भेटवस्तू टेबलावरच राहिलेल्या मी गोळा केल्या आहेत. छायाचित्रकार पूर्ण दिवस न घेता नेमक्या चार-पाच तासांसाठी घ्या, पण चांगला घ्या.

जागा ठरवताना वार आणि वेळ बदलून दर विचारा. सुट्टीच्या दिवशीची संध्याकाळ सगळ्यांनाच हवी असते. आठवड्यातला मधला दिवस किंवा सकाळची वेळ बहुतेक ठिकाणी कमी दरात मिळते, आणि एवढ्या एका फेरफाराने जे वाचतं ते पत्रिकेत कितीही खरवडलंत तरी वाचणार नाही. मात्र कामाच्या दिवशी लग्न ठेवलंत तर ज्यांना रजा मिळणार नाही त्यांची नावं यादीत बघा. जवळची माणसं त्यांत असतील तर हा स्वस्तपणा महागात पडला असं समजा.

करार लेखी घ्या आणि चार गोष्टी विचारा: कमीत कमी किती माणसांचे पैसे द्यावेच लागतील, कर यात धरला आहे का, वेळ वाढली तर तासाला किती, आणि रद्द केलं तर किती परत. पहिला मुद्दा तुमच्यासाठी फार मोलाचा आहे. जेवणवाल्याने कमीत कमी दोनशेची अट घातली असेल तर यादी एकशे सत्तरवर आणूनही एक पैसा वाचत नाही. ही अट यादी पक्की होण्याआधी मान्य करू नका, किंवा ती दीडशेवर आणून घ्या. संख्या वाढली तर वाढवून देतील.

मित्रमैत्रिणींची मदत जरूर घ्या, पण प्रत्येकाला एकच काम द्या, वेळेसह आणि लेखी. ‘तू जरा सगळं बघ’ असं सांगितलेला मित्र दिवसभर धावतो आणि जेवायचा राहतो. पाकिटांवर नावं लिहायला अक्षर चांगलं असलेली दोघं-तिघं बोलवा, चहा ठेवा, एका संध्याकाळी नव्वद पाकिटं सहज होतात. लग्नाच्या कामातली माझ्या सर्वांत आवडीची संध्याकाळ तीच.

पैशांसाठी यादीशेजारीच दुसरा तक्ता करा: अंदाज, मिळालेला दर, दिलेली रक्कम, उरलेली रक्कम आणि ती देण्याची तारीख. एकूण रकमेतला दहावा भाग पहिल्याच दिवशी बाजूला काढा आणि तो कशासाठीही गृहीत धरू नका. शेवटच्या आठवड्यात काही ना काही निघतंच. घरच्यांपैकी कोणी हातभार लावणार असेल तर नेमका आकडा आणि तो कशासाठी हे आत्ताच बोलून घ्या. विषय अवघड आहे, पण सभागृहाचा हप्ता भरायच्या आदल्या दिवशी तो आणखी अवघड होतो.

छपाई झाली की गठ्ठ्यातून दोन कोऱ्या पत्रिका लगेच काढून ठेवा, एकेका घरासाठी एक. सपाट ठेवा, उन्हापासून दूर, प्लास्टिकच्या चिकट अल्बममध्ये नको. आणि उत्तरं येऊ लागली की तक्त्यातल्या त्या घराच्या ओळीत एक रकाना वाढवा: ‘आभार लिहिले’. लग्नानंतर पहिल्या तीन आठवड्यांत रोज पाच-सहा कार्डं लिहीत गेलात, तर तो रकानाही भरून होतो.